हाक आणि ओ

रापण ओढायला माणसं लागतात. समुद्रात टाकलेल्या जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर येतात, दोन्हीकडे रांगा लागतात आणि वाळूत टाचा रोवून जाळं खेचलं जातं. मालवण-वेंगुर्ल्याच्या घरांत चार-पाच मुलगे असण्याच्या काळात एक रापणीवर, एक मुंबईत चाकरमानी आणि ख्रिस्ती घर असेल तर एखादा सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, अशी वाटणी जमून जाई. कॅथलिक श्रद्धा सांगते की धर्मगुरू होण्याचं पाचारण देवाकडून येतं. मग ती हाक काही देशांत, काही पिढ्यांत, काही घरांतच जास्त ऐकू का यावी? मला वाटतं, हाक कुठून येते हे समाजशास्त्राने ठरवू नये; पण तिला ओ द्यायची मोकळीक कोणाला आहे, हे मात्र शेत, जात, शाळा आणि भावंडांची संख्या ठरवत आली आहेत.

पुरावा शोधायला लांब जायला नको, बांदा ओलांडला की गोवा. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने नियम घातला की चर्चचं उत्पन्नाचं पद किंवा पोटापुरती स्वतःची मालमत्ता असल्याशिवाय कोणाला दीक्षा देऊ नये. भीक मागणारे पाद्री नकोत, हा त्यामागचा चांगला हेतू. पण गोव्यात त्याचा अर्थ असा झाला की मुलाच्या नावावर भातशेत किंवा माड करून देऊ शकणाऱ्या घराचंच पाचारण खरं ठरायचं. त्यावर जातीची कडी. गोव्यातले ओरेटोरियन संघाचे पाद्री ब्राह्मण घरांतले, तर क्षत्रिय मानल्या जाणाऱ्या चारड्यांसाठी चिंबलला कार्मेलाइट संघाची वेगळी व्यवस्था. कुळंबी-गावड्यांच्या पोरांना देव हाक मारतच नव्हता असं कोण म्हणेल? ब्राह्मणांनाही वरची दारं बंदच होती. दिवाडीच्या मातेउश द कास्त्रूला गोव्यात दीक्षा नाकारली गेली. तो रोमला जाऊन धर्मगुरू झाला, १६३७ मध्ये बिशप झाला आणि परतल्यावर पोर्तुगीज हद्दीबाहेर, आदिलशाहीतल्या डिचोलीत राहिला. पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या १७८७ च्या पिंटोंच्या उठावात इतके पाद्री का होते, याचं एक उत्तर याच अडवणुकीत आहे.

पाचारण असं परिस्थितीशी जोडलं की आक्षेप येतो की मग ते म्हणजे गरिबाची नोकरीच झाली. तसं असतं तर लॅटिन अमेरिकेतल्या गरीब, कॅथलिक मुलखात पाद्र्यांची पिढ्यान् पिढ्या टंचाई पडली नसती. नुसती गरिबी पुरत नाही. शिकायची ओढ, ती भागवणारे दुसरे रस्ते नसणं आणि पाद्र्याच्या झग्याला गावात मान, हे सगळं जुळावं लागतं. आयर्लंडमध्ये ते जुळलं होतं. शेत एकाच मुलाला जाई, बाकीच्यांना मेनूथची सेमिनरी हा शिक्षणाचा मोठा रस्ता. १९६७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झालं, नोकऱ्या वाढल्या आणि पुढे चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणं बाहेर आल्यावर झग्याचा मानही गेला, तसं ते जुळणं मोडलं. जगभर पुरोहितांचा पुरवठा करणाऱ्या केरळातही आता घरटी दोनच मुलं. आफ्रिकेत मात्र सेमिनरीतली संख्या वाढते आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धावंतांचा, आणि तो जास्त वजनदार आहे: असा हिशेब मांडला की कृपेला जागा उरत नाही. पण कृपा माणसाला त्याच्या घरातूनच उचलते ना? येशूचा शिष्य पेत्र मासे मारत होता, त्याला जाळं सोडावं लागलं. जाळं होतं म्हणून त्या सोडण्याला अर्थ आला. शिवाय पोटासाठी आत शिरलेला तरुण कित्येक वर्षांच्या अभ्यासात, ब्रह्मचर्याच्या विचारात गळतो किंवा बदलतो. हेतू सुरुवातीला मिसळलेला होता म्हणून शेवट खोटा ठरत नाही. लग्नं तरी कुठे निखळ प्रेमाने जुळतात?

२००५ मध्ये पुण्यापासून वेगळा झालेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत, त्याचं कॅथेड्रल सावंतवाडीला, नेमका अशा वेळी उभा राहिला जेव्हा मुलग्यांची ती जुनी वाटणी मोडत आली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर दर बाईमागे १.७ मुलं, गोव्याचा १.३. दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्या मालवणातल्या घरात आता एकच मुलगा असतो. त्याने ‘माका फादर होवचा आसा’ म्हटलं, तर आईचा पहिला प्रश्न देवाबद्दलचा नसेल. म्हातारपणी आमका कोण बघतलो, हा असेल. आणि ट्रेंटच्या नियमात मुलाच्या पोटाची सोय होती, आईबापांच्या नव्हती.