पुढे धावणाऱ्याचे ऋण

शर्यतीत जो दुसऱ्याच्या पाठीशी राहून धावतो आणि अखेरच्या काही पावलांत त्यास मागे टाकून जिंकतो, त्याच्या हातून काही अन्याय घडतो काय? प्रश्न प्रथमदर्शनी पोरकट वाटेल. नियमांस हे मान्य आहे आणि प्रेक्षकांस तर असा विजय विशेष आवडतो. परंतु नियमांनी जे वर्ज्य केले नाही ते सर्व न्याय्यच असते असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही, म्हणून हा प्रश्न थोडा उकलून पाहण्याचे योजिले आहे.

शंभर मीटरांच्या शर्यतीत प्रत्येकाचा पट्टा निराळा. तेथे कोणी कोणापासून काही उसने घेऊ शकत नाही. मध्यम पल्ल्याची गोष्ट वेगळी. तेथे सर्वजण आतल्या कडेस एकत्र येतात. पुढचा वारा कापतो, गतीचा हिशेब ठेवतो, आणि पाठीमागे काय शिजत आहे ते न दिसल्यामुळे मनावरचा भारही तोच वाहतो. मागच्यास हे सारे विनामूल्य मिळते. बंदिस्त क्रीडागृहात या व्यवहारास आणखी एक पेच पडतो. तेथील धावमार्गाचा फेरा अवघा २०० मीटरांचा. १५०० मीटरांस साडेसात फेरे घालावे लागतात. वळण एक मीटर बाहेरून घेतले तर प्रत्येक वेळी तीन मीटरांहून किंचित अधिक अंतर वाढते. म्हणजे मागच्यासही किंमत द्यावी लागतेच. फक्त ती केव्हा द्यावयाची हे तो स्वतः ठरवितो.

सन २०१८ च्या मार्च महिन्यात बर्मिंगहॅम येथे झालेल्या जागतिक इनडोअर स्पर्धेत १५०० मीटरांची अंतिम शर्यत पुढे होण्याची कोणासच इच्छा नसल्यासारखी धावली गेली. इथिओपियाचा सॅम्युएल टेफेरा जिंकला, तो ३ मिनिटे ५८.१९ सेकंदांत. रॉजर बॅनिस्टरने १९५४ साली ऑक्सफर्डला एक मैल, म्हणजे १०९ मीटर अधिक, ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत पुरा केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या मंदपणाची कल्पना येईल. टेफेराच्या अंगी बळ नव्हते म्हणावे, तर पुढल्याच वर्षी त्याच शहरात त्याच अंतरास त्याने ३ मिनिटे ३१.०४ सेकंदांचा इनडोअर जागतिक विक्रम केला. फरक इतकाच की त्या दिवशी गती राखून देणारे धावपटू नेमलेले होते. बॅनिस्टरच्या पुढेही ब्रॅशर आणि चॅटवे हे दोन मित्र धावलेच होते. अजिंक्यपदाच्या स्पर्धेत असे कोणी नेमलेले नसते. पुढे व्हावयाचे ते स्पर्धकांपैकीच एकाने, आपला तोटा पत्करून.

सन २०२२ मध्ये बेलग्रेडला नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसेनने तो पत्करला. टेफेरा मागे राहिला आणि शेवटी पुढे निघून गेला. आमचे एक स्नेही अशा विजयास 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणतात. आम्हांस हे कठोर वाटते. नागोबा मुंग्यांस विचारून वारुळात शिरत नाही. येथे मात्र पुढे होणारा डोळे उघडे ठेवून पुढे होतो. इतरांस दमवून टाकण्याची त्याचीही आशा असतेच. तेव्हा ही चोरी नव्हे.

परंतु चोरी नव्हे म्हणून देणे उरत नाही असे थोडेच आहे? आपल्या परंपरेने ऋण म्हणून जी गोष्ट सांगितली तीत कोणी कोणास लुबाडलेले नसते. पितृऋण फेडावयाचे ते पित्यास परत देऊन नव्हे, तर पुढच्या पिढीचा भार उचलून. धावपटूचे ऋण आम्हांस याच जातीचे वाटते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचा आडोसा घेतला आणि स्वतः कोणासही तो दिला नाही, तो नियमाने निर्दोष असेल. त्याची पदके आम्ही परत मागणार नाही. पण त्याच्याविषयी आमचे मत काही निराळे राहील.

बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांची तीन हजार मीटरांची अडथळ्यांची शर्यत पल्ल्याने थोडी लांब. तरी प्रश्न तोच. सन २०२२ च्या जुलैमध्ये युजीन येथील जागतिक अंतिम शर्यतीत सारेच दबा धरून धावले. साबळे ८ मिनिटे ३१.७५ सेकंदांत अकरावे आले. तीन आठवडे होण्यापूर्वीच बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंद घेतले. सुवर्ण हुकले ते केवळ पाच शतांश सेकंदाने. पुढल्या वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत मात्र त्यांनी कोणाच्या आडोशाची वाट न पाहता आघाडी घेतली व सुवर्णपदक मिळविले. या तिहींत आम्हांस शेवटची शर्यत अधिक प्रिय आहे. ती जिंकली म्हणून नव्हे. हरली असती तरीही.

आमच्या बोदवडला छताखालचा धावमार्ग कोठला! शेजारच्या मुक्ताईनगराहून मुक्ताईची पालखी महिनाभर चालत पंढरीस जाते, तेथे पहिला कोण पोहोचला हे कोणी विचारीत नाही, म्हणून तेथे हा प्रश्नच नाही. पण पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीसाठी १६०० मीटरांचा सराव करणारी कापूसवाल्यांची मुले दिसतात, तेथे तो आहे. भरतीत गुण मिळतात ते वेळेस. पुढे राहिल्याबद्दल निराळा गुण नाही. तरीही कोणी तरी पुढे राहिल्यावाचून मागच्यांची वेळ सुधारत नाही, आणि जागा मोजक्याच असल्याने आपण ज्यास ओढून नेले तोच यादीत आपल्या वर यावयाचा, हेही त्या मुलांस पक्के ठाऊक असते. सरावात ती आळीपाळीने पुढे होतात. भरतीच्या दिवशी गट पाडले जातात. एकत्र सराव केलेली मुले एकाच गटात येतीलच असे नाही, आणि पुढे कोणी व्हावयाचे हे मैदानावर उभे राहिल्यावरच ठरते.