वाळलेलं पान काढावं का?



आमच्या गॅलरीत लाकडी फळीवर बांधलेला स्टॅगहॉर्न नेचा आहे. पुढची पानं सांबराच्या शिंगांसारखी, हिरवीगार. मागची मात्र वाळून तपकिरी, फळीला चिकटलेली. दिवाळीच्या साफसफाईत आम्ही ती ओढून काढणार, तोच आजी म्हणाली, "थांबा रे, आधी कुणाला विचारा तरी!"

नर्सरीत विचारलं. हा नेचा मूळचा झाडाच्या खोडावर वाढणारा, मातीत नाही. ती वाळकी पानंच त्याला धरून ठेवतात, मुळं झाकतात, ओलावा राखतात. ती कधी काढायची नाहीत. आठवड्यातून एकदा फळी १५ मिनिटं पाण्यात बुडवून निथळू द्यायची, कडक ऊन टाळायचं, बस्स.

घरी येताना आम्ही गप्प होतो. आजीची खाट मागच्या खोलीत हलवायचं आम्ही ठरवलं होतं, तिला न विचारताच.

पान उपयोगाचं निघालं म्हणून वाचलं. माणसाला मान द्यायला तेवढं तरी कारण का लागावं? उपयोग संपला तरी आपलेपण संपत नाही.

संध्याकाळी आजीला विचारलं. ती म्हणाली, "मला इथंच बरं वाटतं, माणसं दिसतात." खाट तिथंच आहे.

आपल्या घरी कुणाला विचारायचं राहून गेलंय का? आजच विचारू या.