अंगण आमचे, सावली कोणाची?

पावसाळा जवळ आला की आपल्या वाड्यांतून, सोसायट्यांतून करवतीचे आवाज येऊ लागतात. फांदी मोडून कौलांवर पडू नये, विजेच्या तारांना लागू नये म्हणून आपण झाडे छाटून घेतो. यात वावगे काही नाही. पण महापालिकेची परवानगी लागते असे कोणी म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते. जागा आमची, झाड आमच्या वडिलांनी लावलेले; मग विचारायचे कशाला?

हा प्रश्न अगदीच खोटा नाही. ज्याने पाणी घातले, वर्षानुवर्षे पाचोळा काढला, त्याचा झाडावर हक्क आहेच. तो एकट्याचा आहे का, एवढाच प्रश्न आहे.

महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ सालापासून आहे आणि तो खाजगी आवारालाही लागू होतो. या कायद्याने तोडणे म्हणजे केवळ बुंधा कापणे नव्हे. जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणेही त्यात येते. तोडण्याचा अर्ज आल्यावर वृक्ष अधिकाऱ्याने झाड स्वतः पाहायचे, वर्तमानपत्रात सूचना द्यायची आणि ती झाडावरही लावायची. झाडावर कशासाठी? ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही, पण जो रोज त्या सावलीतून जातो, त्यालाही हरकत घेता यावी म्हणून. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्ष मानले. तोडलेल्या झाडाचे जेवढे वय, तेवढी रोपे लावायची. साठ वर्षांच्या आंब्यासाठी साठ रोपे! तरीही ती साठ वर्षे परत येत नाहीतच.

अडचणही खरी आहे. कार्यालयात अर्ज पडून राहतो आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या छपरावर फांदी लोंबत राहते. सरळ माणूस थांबतो. लबाड रात्री मुळाशी अॅसिड ओततो. अशा वेळी आपण त्या बाईसोबत कार्यालयात जावे, पाठपुरावा करावा. दिरंगाई ही तक्रार करण्यासारखी गोष्ट आहे, पण ती आपल्याला चोरवाट देत नाही.

आणखी एक गोष्ट आपण विसरतो. एप्रिल ते जून हा कावळ्यांच्या घरट्यांचा काळ, आणि नेमकी तेव्हाच आपली करवत चालते. घाईत एकाच बाजूच्या फांद्या उतरवल्या तर झाडाचा तोल जातो, आणि ज्या भीतीने छाटले तीच खरी होते. हिवाळ्यातच अर्ज केला तर परवानगीला अवधी मिळेल आणि पिल्लेही वाचतील.

शेजाऱ्याची फांदी कुंपणाच्या अलीकडे आली असेल तर आधी त्याच्या दारी जाऊन बोलावे. अनुवाद ग्रंथात (२०:१९) शत्रूच्या नगराला वेढा घातला असतानाही तिथली फळझाडे तोडायला मनाई आहे. शत्रूच्या झाडाला एवढे अभय, तर शेजाऱ्याच्या झाडाला किती असावे?

करवत आणण्यापूर्वी आपण क्षणभर झाडाखाली उभे राहू या आणि स्वतःला विचारू या: आपल्याला खरोखर धोका वाटतो, की केवळ पाचोळ्याचा कंटाळा आला आहे? धोका असेल तर रीतसर छाटू या. कंटाळा असेल तर झाडू पुरेसा आहे.