भूमी आणि मुहूर्त

वडगावच्या मंगाई देवीची ओटी भरून अपत्य मागणाऱ्या भगिनी आम्ही बालपणापासून पाहत आलो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९८६ साली परीक्षानळीचे बालक जन्मले, तेव्हापासून नवसाच्या जोडीस हाही मार्ग आला.

गर्भरोपणापूर्वी गर्भाशयाचे अस्तर सिद्ध झाले की नाही, हे त्याचा सूक्ष्म तुकडा काढून जनुकांवरून सांगणारी एक परीक्षा २०११ नंतर प्रचारात आली. जणू रोपणाचा मुहूर्तच! परंतु २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील ७६७ स्त्रियांवरील प्रयोगात या मुहूर्तावर रोपण केलेल्यांपैकी शेकडा ५८.५, तर नेहमीच्या वेळी केलेल्यांपैकी ६१.९ जणींस अपत्य झाले. लाभ दिसला नाही.

मग ती परीक्षा सुचविणे अधर्म काय? आमच्या मते, हे आकडे सांगून सुचविणे अधर्म नव्हे. ते झाकून सुचविणे मात्र खास अधर्म होय. पौरोहित्याच्या घरात वाढल्यामुळे आम्हांस ठाऊक आहे की, मुहूर्त विचारावयास येणारा पुष्कळदा भ्यालेला असतो. त्याच्या भयाचा व्यापार पुरोहिताने करू नये, तसा वैद्यानेही करू नये.

आणि 'भूमीच नापीक' असा बोल सुनेस लावणाऱ्यांनीही ध्यानी घ्यावे की, उणीव पुष्कळदा बीजात असते. कित्येकदा तर ती कोठे आहे, हे वैद्यासही उमगत नाही. जे कोणासच ठाऊक नाही, त्याचा दोष एकटीच्या पदरी का बांधावा?