फेरफार नसलेली जमीन

ज्याची उमेदीची वर्षे महसूल खात्याच्या दप्तरात गेली, त्याला जगातील प्रत्येक वस्तूकडे फेरफाराच्या दृष्टीने पाहण्याची सवय जडते. वारस लागतात, वाटणी होते, खरेदीखत होते, सातबाऱ्यावरील जुन्या नावाला कंस पडतो, आणि शेत तेच असूनही तेच राहत नाही. गेल्या दिवाळीत मानवतच्या घरी माळ्यावरचे एक पुठ्ठ्याचे खोके उतरविले, आणि मी सातवीत असताना परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात अण्णांनी घेऊन दिलेला टीव्ही गेम, दोन रिमोट, एक प्लॅस्टिकची बंदूक व पिवळी कॅसेट ही सारी मालमत्ता त्यातून जशीच्या तशी निघाली, तेव्हा 18 वर्षांनी मी पुन्हा त्या यंत्रापुढे मांडी घालून बसलो.

निन्टेंडो या जपानी कंपनीने 1983 साली काढलेल्या यंत्राची ती स्वस्त नक्कल होती. मूळ कंपनीचे नावही त्या वेळी आम्हांस ठाऊक नव्हते. कॅसेटवर फुंकर मारली आणि पडद्यावर मारिओ उभा राहिला. 1985 सालचा हा खेळ अवघ्या 40 किलोबाइटांत बसविलेला आहे. जागेची इतकी टंचाई, की आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप या दोहोंसाठी कर्त्यांनी एकच आकृती रंग पालटून वापरली. हे मला हल्लीच समजले, आणि समजल्यावर त्या तुटपुंज्या सृष्टीविषयी माझा आदर दुणावला. आमच्या गल्लीतली चिंच गेली, माळवदाच्या जागी स्लॅब आला, ज्यांच्या घरी आम्ही खेळायला जमत असू त्यांची वाटणी होऊन मधे भिंत उभी राहिली. परंतु पहिला खड्डा ज्या ठिकाणी होता तेथेच होता, आणि त्याच्या काठाशी येताच, मला आठवण्यापूर्वी, माझा अंगठा हलला. बालपणातील जी एकमेव जमीन कोणत्याही फेरफाराविना माझ्या ताब्यात परत आली, ती ही.

तथापि त्या जमिनीवर आमचे काहीच कायम होत नसे, हेही त्याच रात्री आठवले. बत्तीस टप्प्यांच्या त्या खेळात केलेली मजल साठवून ठेवण्याची सोय नव्हती. आणि ते दिवस भारनियमनाचे होते. सातव्या मुलखापर्यंत पोहोचावे, शेजारची पोरे श्वास रोखून बसावीत, आणि लाईट जावी. मी रडकुंडीला येई. ओसरीवरून अण्णा म्हणत, "जाऊ दे, आली की पहिल्यापासून लाव." हे वाक्य त्या काळी मला निष्ठुर वाटे. ज्या माणसाने काळ्या रानात मृगाच्या पावसावर सरकी टोचावी, नंतर तीन आठवडे आभाळ कोरडे राहावे, उगवण करपून जावी आणि उसनवारीने पुन्हा बियाणे आणून दुबार पेरणी करावी, त्याच्या तोंडी ‘पहिल्यापासून’ या शब्दाचे वजन काय होते, हे पुढे पंचनाम्याची कागदपत्रे माझ्याच टेबलावर आली तेव्हा उमगले. कोरडवाहू शेतीत केलेली मेहनत कोठेही जमा राहत नाही. अण्णांनी माझे दुःख हलके लेखले नव्हते, त्यांच्या ओळखीच्या दुःखात त्याला जागा दिली होती.

आजच्या खेळांत प्रत्येक पावलाची नोंद यंत्र स्वतःच ठेवते, आणि भाचा फोनवर खेळताना मधेच उठून जेवून येतो. ही मुभा मला वाईट वाटत नाही. दिवसाकाठी जेमतेम अर्धा तास मिळणाऱ्या प्रौढाला तीच सोयीची. पण मी मात्र जुन्या खेळाकडेच वळतो, कारण तीन लाइफ संपल्या की आजचा डाव खरोखर संपतो, आणि तो संपणार आहे हे ठाऊक असल्यामुळेच माझे सारे चित्त त्या एका उडीत एकवटते. दप्तरातील कोणत्याही कामाने हे एकाग्रतेचे सुख मला दिलेले नाही.

एक गोष्ट मात्र परत मिळाली नाही. बदकांच्या खेळाची बंदूक नव्या सपाट टीव्हीवर नेम घेईना. वीस वेळा झाडली, एक बदक पडले नाही. चौकशीअंती कारण कळले, ते असे: चाप ओढताच क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा ठिपका उमटतो, आणि नळीतील डोळा तो उजेड त्याच क्षणी टिपू पाहतो, जुन्या काचेच्या टीव्हीवर हे तत्काळ घडे, नव्या टीव्हीवर चित्र उमटायला किंचित विलंब लागतो, आणि तेवढ्यात बंदुकीने पाहून झालेले असते. आमचा तो टीव्ही कधीच भंगारात गेला. अण्णांनी बंदूक हातात घेऊन उलटसुलट पाहिली, धूळ पुसली आणि खोक्यात न टाकता कपाटात ठेवली. परभणीत एका दुरुस्तीवाल्याकडे तसला पेटीटीव्ही शिल्लक असल्याचे कळले आहे; येत्या रविवारी आम्ही दोघे तो पाहायला जाणार आहोत.