विस्मयाचा लाभ

जालन्याहून मंठ्याच्या वाटेने लोणारला जाणाऱ्या मंडळींची हल्ली वाण नाही. बुलढाणा जिल्ह्यातील त्या विवराच्या काठी उभे राहिले, की सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाची ती खोल वाटोळी दरी पाहून बोलका मनुष्यही क्षणभर मूक होतो. आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने काळ्या पाषाणात हे विवर पडले, हे कळल्याने विस्मय उणावत नाही, उलट वाढतो. ज्ञान हे विस्मयाचे वैरी, हा समज तेथेच खोटा ठरतो.

गतवर्षी तेथून परतताना मंठ्याजवळच्या एका शेतावर आम्ही पाणी पिण्यास थांबलो. चपलांना चिकटलेली काळी माती मी कपाळास आठ्या घालून दगडावर खरवडू लागलो. शेताचा धनी सहज म्हणाला, "राहू द्या की साहेब, मातीच हाय ती."

मी ओशाळलो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. त्यांचा पाषाण ऊनपावसाने झिजून ही माती झाली. तिच्या मानाने लोणारचे विवर कालपरवाचे! त्याच पाषाणापुढे घटकेपूर्वी मी नतमस्तक झालो होतो.

भरतमुनींनी विस्मयास अद्भुत रसाचा स्थायिभाव म्हटले आहे. स्थायी म्हणजे चित्तात सदैव वसणारा. प्रसंग त्यास केवळ जागा करतो. मग त्यासाठी दूरच्या विवराचीच वाट का पाहावी?

या भावाचा लाभ तरी कोणता? अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात काही विद्यार्थ्यांना मिनिटभर उंच निलगिरी वृक्षांकडे, तर इतरांना शेजारच्या इमारतीकडे पाहावयास लावले. पुढे एकाच्या हातून लेखण्या सांडल्या, तेव्हा वृक्ष पाहणाऱ्यांनी त्या अधिक उचलून दिल्या. विस्मयाने 'मी' लहान होतो आणि मनात दुसऱ्यास जागा होते, असाच याचा अर्थ.

आम्हा सुशिक्षितांस याचीच अधिक गरज आहे. मातीविषयीची तुच्छता मातीत राबणाऱ्या माणसापर्यंत पोहोचावयास फार वेळ लागत नाही. त्या दिवशी मी त्या गृहस्थाचे पाणी प्यालो, पण नाव विचारले नाही. मात्र लाभावर दृष्टी ठेवून कोणी विस्मय पावू म्हणेल, तर ते साधावयाचे नाही. कारण लाभ मोजणारा तो 'मी'च तेथे आडवा येतो. पायाखालच्या वस्तूकडे क्षणभर निर्हेतुक पाहावे, इतकेच आपल्या हाती आहे.