कांडणारीच्या बांगड्या

मार्गशीर्ष लागला की आपल्या गोंदियाकडे दोन कामं एकदमच येतात. बांध्यांमधलं धान चुरून घरी येतं, आणि दत्तजयंतीच्या आधी घरोघरी गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. मग आमच्यासारख्या वयस्कर माणसांची एक तक्रार ठरलेली, संसाराच्या धांदलीत चित्त लागत नाही. पण चित्त लागायला संसार थांबावाच लागतो काय?

दत्तप्रभूंच्या चोवीस गुरूंमध्ये एक कुमारी आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला तिची गोष्ट सांगतो. घरचे बाहेर गेलेले आणि तिला मागणी घालायला पाहुणे आले. त्यांच्या जेवणासाठी ती आत धान कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. घरची गरिबी पाहुण्यांना कळेल, या संकोचानं तिनं एकेक बांगडी उतरवली. हातात दोन-दोन उरल्या, त्याही वाजल्या. एकेकच ठेवली तेव्हा आवाज थांबला.

अवधूतानं यातून एकट्यानं राहण्याचा बोध घेतला. पुष्कळ जण जमले की भांडण, दोघं असले तरी बोलणं. त्याला ते शोभतं. आपण गृहस्थ, लेकरं, सुना, नातवंडं सोडून कुठं जाणार? आणि जावं तरी कशाला? दत्तभक्त जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते. त्यांचे शिष्य एकनाथ महाराज प्रपंची. त्यांनीच या अकराव्या स्कंधावर मराठीत टीका लिहिली, ती १५७३ साली काशीत पूर्ण झाली.

मला त्या पोरीत आणखी एक गोष्ट दिसते. तिनं मुसळ खाली ठेवलं नाही, पाहुण्यांनाही परत पाठवलं नाही. आपल्याच हातातलं जे वाजत होतं, तेवढं काढलं. गृहस्थाची साधना एवढीच असावी. "मी पारायणाला बसलो, कोणी आवाज करू नका," ही एक बांगडी. "माझं सोवळं, माझा नियम," ही दुसरी. त्या आवाजात सुनेचं थकलेलं बोलणं ऐकू येत नाही. चुरण्याला आलेल्या मजुराचे पैसे द्यायचे राहिले, हेही आठवत नाही. अध्याय वाचून होतो, पण जाग येत नाही.

नियम सोडा असं माझं म्हणणं नाही. सप्ताह नेमानं करावाच. पण पोथी बांधून उठताना मनाशी विचारावं : आज माझ्यामुळं घरातला आवाज वाढला की कमी झाला? धान मोजताना काटा सरळ होता काय? कोणाचं बोलणं मी पूर्ण ऐकून घेतलं?

अवधूताला हा गुरू उखळापाशी भेटला. आता आपल्या घरी उखळ उरलं नाही, धान राइस मिलमध्ये जातं. पण हात रोज कामात असतात आणि बांगड्या वाजतच असतात. आज एक उतरवून पाहू.

श्री गुरुदेव दत्त!